कलिंगडाच्या वेलाला खत केव्हा आणि किती द्यावे?

परसबागेतील कलिंगडाविषयी या वेळी आलेल्या पत्रांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. खत कमी पडल्यामुळे वेल बिघडला, असे सांगता येईल अशी पत्रे फारच थोडी आहेत. नको त्या वेळी किंवा गरजेपेक्षा जास्त खत दिल्याची लक्षणे मात्र बहुतेक पत्रांतून स्पष्ट दिसतात. कलिंगडाचे पीक साधारण ७० ते १०० दिवसांत आटोपते आणि त्यामुळे एकदा झालेली चूक निस्तरायला फारसा अवधी मिळत नाही. म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे जरा सविस्तर देत आहे.

प्रश्न : माझा वेल तीन मीटरहून अधिक पसरला आहे आणि पाने गडद हिरवीगार आहेत. दर आठवड्याला मूठभर युरिया देत आहे. फुले भरपूर येतात, पण सगळी गळून पडतात आणि एकही फळ धरत नाही. आणखी कोणते खत द्यावे?

आणखी कोणतेही खत देऊ नये, आणि युरिया आजपासून बंद करावा. युरियामध्ये ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) असते, आणि नत्राचे मुख्य काम पाने व शेंडे वाढवणे हे आहे. नत्राचा पुरवठा अखंड चालू राहिला की वेल वाढीतच गुंतून राहतो, मादी फुले उशिरा आणि कमी येतात, आणि आलेली फळेही वेल टाकून देतो. आपण वर्णन केलेला गडद हिरवा रंग हीच त्याची खूण आहे. पुष्कळांना तो आरोग्याचा रंग वाटतो, आणि तसे वाटणे स्वाभाविकही आहे. परंतु फळपिकाच्या वेलाने थोडा फिका, नेमस्त हिरवा रंग धरलेला मला अधिक आश्वासक वाटतो.

दुसरी शक्यताही तपासून पाहावी. कलिंगडाच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुले येतात. सुरुवातीचे काही दिवस फक्त नर फुलेच येतात, ती एक दिवस उमलतात आणि गळतात, आणि त्यात काळजी करण्यासारखे काहीही नसते. पुढे मादी फुले येऊ लागल्यावरही त्यांची संख्या नर फुलांच्या मानाने कमीच राहते. साधारण सात नर फुलांमागे एक मादी फूल असे प्रमाण बहुतेक जातींमध्ये दिसते. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली बोराएवढे, लव असलेले इवलेसे कलिंगड आधीपासूनच असते, तर नर फुलाखाली केवळ बारीक देठ असतो. आपल्या वेलावर अशी बाळफळे दिसत असतील आणि तीही पिवळी पडून गळत असतील, तर दोष खताचा नसून परागीभवनाचा असण्याची शक्यता मोठी आहे.

अशा वेळी सकाळी लवकर, फुले पूर्ण उमललेली असताना, ताजे नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि त्यातील पराग मादी फुलाच्या मधोमध असलेल्या तीन पाळ्यांच्या भागावर हलक्या हाताने टेकवावा. तिन्ही पाळ्यांवर पराग सारखा लागला पाहिजे. एकाच बाजूला लागला तर फळ त्या बाजूलाच फुगते आणि वेडेवाकडे होते. मधमाश्या हेच काम आपल्यापेक्षा कितीतरी चांगले करतात, म्हणून फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशकाची फवारणी शक्यतो टाळावी, आणि सकाळच्या वेळी तर ती कधीच करू नये.

जमिनीत पडलेले नत्र आता बाहेर काढता येणार नाही. त्यावर उतारा म्हणून एकदम भरपूर पोटॅश (पालाश म्हणजे पोटॅशियम देणारे खत) टाकण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो, पण मी तो देणार नाही. क्षारांचे प्रमाण वाढून मुळांना इजा होते आणि नत्र होते तेवढेच राहते. तीन आठवडे कोणतेही नत्रयुक्त खत न देता, नियमित पण बेताचे पाणी देत थांबावे. वेलाचे शेंडे सर्रास खुडू नयेत, कारण पुढे फळातील साखर याच पानांतून येणार आहे. जागा अपुरी पडत असेल तर एखादी फांदी मर्यादित ठेवायला हरकत नाही.

प्रश्न : माझ्याकडे चार चौरस मीटरचा एक वाफा आहे. त्यात किती वेल लावावेत आणि संपूर्ण हंगामासाठी खताची मात्रा किती असावी? कृपया ग्रॅममध्ये सांगावे.

चार चौरस मीटरमध्ये दोन वेल पुरेसे आहेत. तिसरा वेल लावण्याचा मोह होतो, पण गर्दीत तिन्ही वेलांची फळे लहान राहतात.

लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी वाफ्यात दहा किलो चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट वरच्या २० ते २५ सेंटिमीटर मातीत एकजीव मिसळावे. कलिंगडासाठी दर चौरस मीटरला साधारण १० ग्रॅम नत्र, ५ ग्रॅम स्फुरद (फॉस्फरस) आणि ५ ग्रॅम पालाश ही मात्रा सर्वसाधारणपणे योग्य ठरते, म्हणजे आपल्या वाफ्याला ४० ग्रॅम नत्र आणि प्रत्येकी २० ग्रॅम स्फुरद व पालाश. मात्र कुजलेल्या शेणखतात सुमारे अर्धा टक्का नत्र असते. दहा किलो खतातून एकूण ५० ग्रॅमच्या आसपास नत्र येते आणि त्यातील काही हिस्साच पहिल्या हंगामात वेलाला मिळतो. तेवढा भाग धरून घरच्या बागेत मी वरून द्यायचे नत्र २८ ग्रॅमच्या पुढे नेत नाही. हिशेब असा होतो : युरिया हंगामभरात एकूण ६० ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट १२५ ग्रॅम आणि म्युरेट ऑफ पोटॅश ३३ ग्रॅम. हे आकडे हातात धरलेल्या वाटीच्या मानाने अगदीच थोडे वाटतील. मूठभर खत म्हणजे नक्की किती, हे एकदा स्वयंपाकघरातील लहान वजनकाट्यावर तोलून पाहावे, म्हणजे अंदाज किती चुकतो ते लक्षात येईल.

सुपर फॉस्फेट सगळे लागवडीच्या वेळीच, मुळांच्या थराजवळ मातीत मिसळून द्यावे, कारण स्फुरद जमिनीत फारसे हलत नाही आणि वरून पसरल्यास ते वरच राहते. या खतातून थोडे कॅल्शियम आणि गंधकही मिळते. पोटॅश निम्मे लागवडीला आणि निम्मे फळधारणेनंतर द्यावे. युरियाचे मात्र प्रत्येकी २० ग्रॅमचे तीन हप्ते करावेत : पहिला रोपांना चार-पाच खरी पाने (बीदलांनंतर येणारी) आल्यावर, दुसरा वेल जमिनीवर पसरू लागताना, आणि तिसरा पहिली फळे लिंबाएवढी झाल्यावर, तोही पानांचा रंग फिका दिसत असेल तरच. फुलोऱ्याच्या ऐन काळात युरिया देऊ नये.

खत कोठे द्यायचे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. खोडाला चिकटून दिलेले खत कोवळ्या सालीला भाजते आणि ज्या मुळांनी ते घ्यायचे त्यांच्यापासून दूर पडते. कलिंगडाची अन्न घेणारी मुळे वरच्या थरात वेलाबरोबर आजूबाजूला पसरत जातात. म्हणून पहिला हप्ता खोडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर गोलाकार उथळ चरात, आणि पुढचे हप्ते ४० ते ५० सेंटिमीटरवर द्यावेत, वर मातीने झाकून लगेच पाणी द्यावे. उघड्यावर राहिलेल्या युरियातील नत्राचा काही भाग अमोनिया होऊन हवेत जातो. पानांवर पडलेले दाणे झटकून टाकावेत.

शक्य असेल तर लागवडीपूर्वी माती तपासून घ्यावी. कलिंगडाला ६.० ते ६.८ सामूची (सामू म्हणजे मातीची आम्लता दाखवणारा pH), पाण्याचा उत्तम निचरा होणारी, वाळूमिश्रित पोयट्याची जमीन मानवते. अनेक वर्षे खते दिलेल्या वाफ्यात स्फुरद आधीच पुरेसे असते, आणि अशा ठिकाणी सुपर फॉस्फेट पूर्णपणे वगळता येते.

प्रश्न : मला रासायनिक खत अजिबात वापरायचे नाही. गांडूळखत, राख, अंड्याची टरफले आणि केळीच्या साली एवढ्यावर कलिंगड येईल का?

केवळ सेंद्रिय खतांवर उत्तम कलिंगड येते, फक्त प्रत्येक पदार्थ काय देतो आणि किती वेळाने देतो, याची जाण हवी.

गांडूळखत हा या यादीतील सर्वांत भरवशाचा घटक आहे. लागवडीच्या वेळी दर वेलाला दीड ते दोन किलो मातीत मिसळावे आणि वेल पसरू लागताना व फळे धरल्यावर प्रत्येकी अर्धा किलो वरून देऊन मातीने झाकावे. नत्रासाठी कोणत्याही पेंडीची जोड द्यावी. निंबोळी पेंड दर वेलाला १०० ग्रॅमच्या आसपास, लागवडीआधी निदान दहा दिवस मातीत मिसळलेली असावी, कारण पेंड कुजताना मातीत उष्णता निर्माण होते आणि ती कोवळ्या मुळांना सोसत नाही.

लाकडाच्या राखेत पालाश चांगले असते, पण राख चुन्यासारखी वागते आणि मातीचा सामू वाढवते. आम्ल मातीत ती दुहेरी उपयोगाची आहे; चुनखडीच्या किंवा आधीच अल्कधर्मी असलेल्या जमिनीत मात्र ती लोहासारखी सूक्ष्म अन्नद्रव्ये अडवून ठेवते. आम्ल मातीतही दर चौरस मीटरला ५० ते १०० ग्रॅमपेक्षा जास्त राख टाकू नये, आणि ताज्या शेणखताबरोबर किंवा युरियाबरोबर ती कधीही मिसळू नये, कारण त्यातील नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते.

अंड्याच्या टरफलांविषयी अनेकांच्या अपेक्षा फार मोठ्या असतात. टरफले म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट, आणि ते अतिशय सावकाश विरघळते. हाताने चुरडलेली टरफले या हंगामातील वेलाला काहीही देणार नाहीत. पिठासारखी बारीक दळून आम्ल मातीत काही महिने आधी मिसळली तर थोडा उपयोग होईल. केळीच्या सालींतील पालाशही साली कुजल्यावरच मोकळे होते. त्या वेलाच्या बुडाशी कच्च्या पुरल्यास माश्या आणि उंदीर येतात. त्यांची योग्य जागा कंपोस्टच्या ढिगात आहे.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. ताजे शेण किंवा कोंबडीची ताजी विष्ठा वाफ्यात घालू नये. त्यातील अमोनिया आणि क्षार मुळे जाळतात, आणि कलिंगड हे जमिनीला टेकून वाढणारे फळ असल्याने रोगजंतू सालीवर येण्याचा धोका असतो. कापताना सुरी सालीवरून गरात जाते, हे विसरू नये. ताजे खत वापरायचेच असेल तर ते काढणीच्या किमान चार महिने आधी मातीत गाडलेले असावे.

प्रश्न : फळ लिंबापेक्षा थोडे मोठे झाले की त्याच्या फुलाकडील टोकाला तपकिरी डाग पडतो आणि पुढे ते टोक काळे, चामड्यासारखे होते. कॅल्शियमची कमतरता असे कळल्यावरून मी एप्सम सॉल्टही टाकले, पण फरक नाही.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. त्यात कॅल्शियम नसते. उलट जास्त मॅग्नेशियम कॅल्शियमच्या शोषणाला अडथळा आणते, म्हणून ते ताबडतोब थांबवावे. हा सल्ला इतक्या ठिकाणी दिला जातो की आपला त्यात काहीही दोष नाही.

विकृती फळाच्या टोकाला पोहोचणाऱ्या कॅल्शियमच्या तुटवड्याचीच आहे, परंतु मातीत कॅल्शियम नाही असा त्याचा अर्थ क्वचितच असतो. कॅल्शियम मुळांतून पाण्याबरोबर वर चढते आणि जेथून पाण्याची वाफ जास्त होते तेथे, म्हणजे पानांत, जाऊन बसते. फळातून पाणी फार कमी उडते, त्यामुळे त्याच्या वाट्याला मुळात थोडेच येते. चार दिवस माती कोरडी आणि पाचव्या दिवशी तुडुंब पाणी, असे झाले की तेवढाही पुरवठा तुटतो आणि वेगाने वाढणाऱ्या टोकाच्या पेशी मरतात. जास्तीचे युरिया किंवा अमोनियमयुक्त खत आणि जास्तीचे पोटॅश हे अडथळा आणखी वाढवतात. लांबट फळांच्या जातींमध्ये हा त्रास अधिक दिसतो.

उपाय म्हणून बाधित फळे काढून टाकावीत, म्हणजे वेलाची शक्ती नव्या फळांकडे वळेल. बोटभर खोल माती कोरडी लागली की पाणी, असा नियम ठेवावा आणि ते सावकाश, खोलवर मुरेल असे द्यावे. वेलाखाली पाच ते सात सेंटिमीटर जाडीचे वाळलेल्या गवताचे आच्छादन करावे. माझ्या अनुभवात या एका उपायाने जितका फरक पडतो तितका कोणत्याही खताने पडत नाही. नत्र द्यायचेच असेल तर युरियाऐवजी कॅल्शियम नायट्रेट निवडावे. माती परीक्षणात कॅल्शियम खरोखर कमी निघाले आणि सामू मात्र योग्य असला, तर जिप्सम उपयोगी पडते, कारण ते सामू बदलत नाही. पानांवर कॅल्शियम फवारून फारसे साधत नाही. पानात गेलेले कॅल्शियम फळाकडे परत वळत नाही.

प्रश्न : गच्चीवर कुंडीत कलिंगड लावले आहे. खत जमिनीतल्यासारखेच द्यायचे का?

नाही. कुंडीतून दर पाण्याबरोबर अन्नद्रव्ये वाहून जातात, म्हणून खत थोडे आणि वारंवार द्यावे लागते. कुंडी किमान ४० ते ५० लिटरची असावी आणि लहान फळांची जात निवडावी. मातीत एक तृतीयांश कंपोस्ट मिसळलेले असेल तर पहिले तीन आठवडे काहीही देऊ नये. त्यानंतर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी १९ टक्के) हे पाण्यात विरघळणारे खत दर लिटर पाण्यात दोन ग्रॅम या प्रमाणात, दर दहा ते बारा दिवसांनी, ओल्या मातीत दोन लिटर ओतावे. फळे धरल्यावर त्याऐवजी १३:०:४५ त्याच प्रमाणात द्यावे. मातीवर पांढरा थर दिसू लागला किंवा पानांच्या कडा करपू लागल्या तर क्षार साठले आहेत असे समजून, खत थांबवून, खालच्या छिद्रांतून भरपूर वाहीपर्यंत एकदा साधे पाणी द्यावे.

प्रश्न : पाने पिवळी पडत आहेत. कोणते खत द्यावे?

कोणती पाने, हे पत्रात लिहिलेले नाही, आणि सगळे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. बुडाकडची जुनी पाने एकसारखी फिकट पिवळी होत असतील तर नत्र कमी आहे. जुन्याच पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होत असेल तर मॅग्नेशियम, आणि जुन्या पानांच्या कडा करपत असतील तर पालाश. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह. अल्कधर्मी मातीत हे नेहमी आढळते. पण त्याआधी बोट मातीत खुपसून पाहावे. सतत चिंब असलेल्या मातीत मुळे गुदमरतात आणि पाने पिवळी पडतात, आणि तेथे दिलेले प्रत्येक खत वाया जाते.

प्रश्न : फळे मोठी झाली, रंगही चांगला होता, पण चव अगदी पाणचट. शेवटच्या दिवसांत मुळाशी साखरेचे पाणी घातल्यास गोडी वाढते असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

ते खरे नाही. मुळाशी घातलेली साखर फळापर्यंत पोहोचत नाही. मातीतील सूक्ष्मजीव ती खातात, आणि त्यांची संख्या वाढताना मातीतील नत्रही तेच वापरून टाकतात. मुंग्या येतात, ते वेगळेच.

कलिंगडातील साखर सगळी पानांत, सूर्यप्रकाशात तयार होते आणि तेथून फळात येते. या वाहतुकीला पालाश लागते, म्हणून फळधारणेनंतरचा पोटॅशचा हप्ता चुकवू नये, पण पाने रोगाने किंवा किडीने गेलेली असतील तर पोटॅशने काहीही साधणार नाही. भुरीसारखा (पानांवर पांढरी पूड आणणारा) रोग शेवटच्या तीन आठवड्यांत आला तरी चव उतरते. एका वेलावर दोन, फार तर तीन फळे ठेवावीत आणि बाकीची लहान असतानाच काढावीत. हे करताना हात अडखळतो, हे मला ठाऊक आहे, तरीही पाच पाणचट फळांपेक्षा दोन गोड फळे घरातल्या सर्वांना आवडतील.

फळ पूर्ण आकाराचे झाले की नत्र पूर्णपणे बंद असावे आणि काढणीच्या आधीचा आठवडाभर पाणी कमी करावे, मात्र वेल कोमेजू देऊ नये. शेवटचा भाग काढणीच्या वेळेचा आहे. कलिंगड तोडल्यानंतर अधिक गोड होत नाही, कारण साखरेत बदलण्यासारखा पिष्टाचा साठा त्याच्यात नसतो. परागीभवनापासून पिकेपर्यंत बहुतेक जातींना ३५ ते ४५ दिवस लागतात, म्हणून हाताने परागीभवन केलेल्या फुलाच्या देठाला दोरा बांधून तारीख लिहून ठेवावी. फळाच्या देठाजवळचा ताणा (वेलाचा गुंडाळलेला तंतू) पूर्ण वाळलेला, जमिनीला टेकलेला डाग पांढऱ्याचा लोणीसारखा पिवळा झालेला आणि सालीची चकाकी गेलेली, अशा तिन्ही खुणा एकत्र दिसल्या की फळ देठाचा थोडा भाग ठेवून सुरीने कापून घ्यावे.